हातातला जीपीएस: घ्यावा का, कोणता घ्यावा आणि अडला तर काय करावं?

पावसाळा ओसरला की डोंगर हाका मारायला लागतात. इंदूरची मंडळी पचमढीकडे वळतात, बडोद्याची पावागडला जातात, बंगळुरूची सावनदुर्गाला आणि पुण्या-मुंबईची सह्याद्रीत. त्याच सुमाराला दोन प्रश्न हमखास कानावर येतात. मोबाईलवर नकाशा असताना वेगळं जीपीएस यंत्र घ्यायचं का? आणि कपाटात पडलेलं जुनं यंत्र आता नीट चालत नाही, ते टाकून द्यायचं का?

आज या दोन्ही प्रश्नांकडे बघू. त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. हे यंत्र तुम्हाला फक्त ‘मी कुठे आहे?’ एवढंच सांगतं. ‘घरी परत कसं जायचं?’ याचं उत्तर मात्र तुम्ही निघताना त्यात काय भरून ठेवलंय आणि त्याचे आकडे तुम्हाला वाचता येतात का, यावर ठरतं. यंत्र बिघडलंय असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं, एखादी सेटिंग चुकलेली असते.

यंत्र करतं तरी काय?

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि सतत अचूक वेळ प्रसारित करत असतात. तुमच्या हातातलं यंत्र ती वेळ ऐकतं, संदेश पोहोचायला किती क्षण लागले ते मोजतं आणि त्यावरून प्रत्येक उपग्रह किती दूर आहे ते काढतं. जागा आणि उंची दोन्ही कळायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात.

लक्षात घ्या, यंत्र फक्त ऐकतं. त्याला सिम लागत नाही, इंटरनेट लागत नाही, महिन्याचं बिल येत नाही. मोबाईलमधला जीपीएसही असाच चालतो. मोबाईल फ्लाइट मोडवर टाकलात तरी तो जागा दाखवतो. नेटवर्क गेल्यावर अडतो तो नकाशा, कारण तो आपण आधी उतरवून ठेवलेला नसतो. मग कोऱ्या पडद्यावर एक निळा ठिपका उरतो.

मोबाईल पुरेल का?

बऱ्याच जणांना पुरतो, हे आधी सांगून टाकतो. एका दिवसाची भटकंती असेल, वाट मळलेली असेल, तर ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँडसारखं अ‍ॅप घ्या, त्या भागाचा नकाशा घरीच वाय-फायवर उतरवून ठेवा, मोबाईल फ्लाइट मोडवर टाका आणि सोबत पॉवर बँक घ्या. मोकळ्या आकाशाखाली मोबाईलची चूक साधारण पाच मीटरच्या आसपास असते. वाट शोधायला ते भरपूर झालं.

मोबाईल कमी पडतो तो वेगळ्या कारणांनी. पावसात ओल्या बोटांना पडदा ऐकत नाही. कडक उन्हात दिसत नाही. थंडीत बॅटरी भसकन उतरते. हातातून दगडावर पडला तर नकाशाही गेला, फोनही गेला आणि मदत मागायचं साधनही गेलं. वेगळं यंत्र घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे: वाट एकावर आणि फोन दुसऱ्यावर राहतो. तुम्ही पावसाळ्यात फिरत असाल, दोन-तीन दिवस वीज नसलेल्या ठिकाणी राहत असाल, हिमालयात जात असाल किंवा लहान मुलांना घेऊन आडवाटेला शिरत असाल, तर वेगळ्या यंत्रावर केलेला खर्च वाया जात नाही.

घेताना काय पाहायचं?

दुकानदार मोठा पडदा आधी दाखवेल. तुम्ही मात्र या क्रमाने विचार करा.

पहिलं, सेल. पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र की आतली बॅटरी चार्ज करावी लागणारं? पेन्सिल सेल खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळतो. गार्मिनचं ईट्रेक्स २२एक्स दोन पेन्सिल सेलवर सुमारे २५ तास चालतं असं कंपनी सांगते. ईट्रेक्स एसई त्याच दोन सेलवर १६८ तासांपर्यंत चालतं, पण त्यात नकाशा नाही. पडद्यावर फक्त खुणा आणि वाटेची रेघ दिसते. महागडं जीपीएसमॅप ६७ आतल्या बॅटरीवर १८० तासांपर्यंत जातं.

दुसरं, बटणं. हातमोजे घालून किंवा भिजलेल्या हातांनी वापरायचं असेल तर बटणांचंच घ्या.

तिसरं, होकायंत्र. इथे अनेक जण फसतात. ईट्रेक्स २२एक्समध्ये वेगळं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही, ३२एक्समध्ये आहे. होकायंत्र नसलेलं यंत्र तुम्ही चालत असाल तेव्हाच दिशा ओळखतं. थांबलात की बाण भरकटतो. तो बिघाड नाही, त्या मॉडेलची मर्यादा आहे. जिओकॅशिंग करायचं असेल तर शेवटचे काही मीटर थांबत थांबतच चालावं लागतं, म्हणून होकायंत्र असलेलं मॉडेल बरं.

चौथं, किती प्रकारचे उपग्रह ऐकतं? अमेरिकेच्या जीपीएसखेरीज रशियाची ग्लोनास आणि युरोपची गॅलिलिओ या यंत्रणाही आहेत. दरीत, दाट झाडीत आकाशाचा लहानसा तुकडाच दिसतो. तेव्हा जितके जास्त उपग्रह तितकं बरं.

जुनं यंत्र घेत असाल तर दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरात तपासू नका. गच्चीवर न्या, पंधरा-वीस मिनिटं ठेवा. सेलचं झाकण उघडून आत हिरवट-पांढरी बुरशी दिसते का बघा, कारण एकदा सेल पाझरला की पत्र्या खराब होतात. कडेचं रबर सुटलं असेल तर पाणी आत जाणार हे नक्की समजा.

परदेशातून भेट येत असेल तर थांबा

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. आज अनेक मराठी घरांतलं कोणी ना कोणी अमेरिकेत किंवा युरोपात असतं आणि ‘तू ट्रेकला जातोस ना’ म्हणून प्रेमाने एखादं यंत्र घेऊन येतं. काही यंत्रं नुसती ऐकत नाहीत, उपग्रहामार्फत संदेशही पाठवतात. गार्मिनच्या यंत्रांत या सोयीला ‘इनरीच’ म्हणतात. परदेशात ही सोय जीव वाचवते. भारतात मात्र उपग्रह फोन किंवा असं संदेश पाठवणारं यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता किंवा वापरता येत नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या विमानतळावर अशी यंत्रं सापडल्याने परदेशी पर्यटकांवर कारवाई झाली.

नावातला फरक कधी कधी एका अक्षराचा असतो. जीपीएसमॅप ६७ उपग्रहांचं नुसतं ऐकतं, ६७आय उपग्रहाशी बोलतंही. तेव्हा भेट आणणाऱ्याला आधीच फोन करून नेमकं मॉडेल विचारा. खोक्यावर ‘इनरीच’ किंवा उपग्रहामार्फत एसओएस असं लिहिलं असेल तर ते तिथेच राहू द्या.

तक्रार आणि उपाय

*‘अर्धा तास झाला, उपग्रहच सापडत नाहीत.’* यंत्र कित्येक महिने बंद होतं का? किंवा विमानाने शेकडो किलोमीटर दूर आलात का? मग त्याच्याजवळ उपग्रहांचं जुनं वेळापत्रक असतं. नवं वेळापत्रक आकाशातूनच उतरतं आणि त्याला साडेबारा मिनिटं लागतात. मोकळ्या मैदानात किंवा गच्चीवर यंत्र हलवाहलव न करता वीस मिनिटं ठेवा. तरीही जमलं नाही तर सेटिंगमध्ये जा. घरात खेळताना कोणीतरी डेमो मोड चालू करून ठेवलेला असू शकतो. तो चालू असेल तर यंत्र उपग्रह शोधतच नाही.

*‘जागा मिळते, पण तारीख वीस वर्षांपूर्वीची दाखवतं.’* जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. असं शेवटचं घडलं ते ६ एप्रिल २०१९ च्या रात्री. जुन्या यंत्रांना हे कळत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं सॉफ्टवेअर अपडेट असेल तर ते टाका. नसेल तर पाहा: जागा बरोबर दाखवत असेल तर यंत्र वाटेसाठी वापरता येतं, फक्त सूर्यास्ताची वेळ त्याला विचारू नका.

*‘दिलेल्या ठिकाणी पोहोचलो, तिथे काहीच नाही.’* ही तक्रार सगळ्यात जास्त आणि सगळ्यात धोक्याची. अक्षांश-रेखांश तीन प्रकारे लिहितात: नुसते अंश, अंश आणि मिनिटं, किंवा अंश, मिनिटं आणि सेकंद. मोबाईलचे नकाशे बहुधा पहिला प्रकार दाखवतात, जिओकॅशिंगमध्ये दुसरा चालतो.

समजा, कोणी तुम्हाला १८ अंश २५.५०० मिनिटं असा अक्षांश दिला. तुम्ही तो १८ अंश २५ मिनिटं ५० सेकंद असा भरलात, तर ६०० मीटरहून जास्त चुकलात. सपाट शेतात हे चालून जाईल, पण डोंगरात ६०० मीटर म्हणजे माथ्याऐवजी दरी. तोच आकडा १८.२५५०० अंश असा भरलात तर जवळजवळ १९ किलोमीटर चुकलात. म्हणून आकडा भरण्याआधी यंत्राची सेटिंग त्या प्रकारावर आणा.

घाईत पडताळायची एक सोपी युक्ती आहे. भारतात अक्षांश साधारण ६ ते ३७ च्या आत असतो आणि रेखांश ६८ ते ९७ च्या आत. म्हणजे पहिला आकडा नेहमी लहान आणि दुसरा मोठा. उलटे भरलेत तर पुण्याजवळचा गड नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो!

आणखी एक सेटिंग म्हणजे डेटम, पृथ्वीचा आकार कोणत्या मापाने धरला ते. आजचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर असतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने कागदी नकाशे एव्हरेस्ट मापावर आहेत. जुन्या नकाशावरून किंवा जुन्या पुस्तकातून आकडे घेतलेत आणि डेटम बदलला नाही, तर खूण शंभर मीटरच्या घरात सरकू शकते.

*‘बाण गरगर फिरतो.’* होकायंत्र असलेलं मॉडेल असेल तर ते पुन्हा जुळवून घ्या. सेल बदलल्यावर दर वेळी हे करायची सवय लावा. पडद्यावर सांगतील तसं यंत्र हळूहळू फिरवायचं असतं. गाडीत बसून किंवा लोखंडी रेलिंगजवळ उभं राहून हे करू नका. आणि मोबाईलचं चुंबकाचं कव्हर यंत्राला खेटून ठेवू नका.

*‘उंची रोज वेगळी दाखवतं.’* ज्या यंत्रात हवेच्या दाबावरून उंची मोजतात, तिथे हवा बदलली की उंची बदलते. दाब एक मिलिबारने उतरला तर उंची साधारण आठ मीटरने वाढलेली दिसते. आपल्याकडे यावर छान सोय आहे. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. गाडीतून उतरलात की तिथेच यंत्र जुळवून घ्या.

*‘दरीत गेल्यावर ठिपका उड्या मारतो.’* उंच कड्यांवर आदळून आलेले संदेश यंत्राला फसवतात, ओली दाट पानंही अडवतात. यंत्र पँटच्या खिशात न ठेवता सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला लावा. वर आलेला जाड अँटेना असेल तर यंत्र उभं धरा, नसेल तर आडवं, पडदा आकाशाकडे करून. सेटिंगमध्ये सगळ्या उपग्रह यंत्रणा चालू करा. बॅटरी थोडी जास्त खर्च होईल, पण अशा जागी ती खर्च करावी.

*‘नवे सेल टाकले तरी संपल्याची खूण येते.’* साध्या पेन्सिल सेलचा दाब १.५ व्होल्ट असतो, चार्जिंगच्या सेलचा १.२. यंत्राला कोणता सेल टाकलाय हे सांगितलं नाही तर ते भरलेला सेलही अर्धा समजतं. सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदला. थंडीच्या प्रदेशात लिथियमचे सेल घ्या आणि जास्तीचे सेल अंगाजवळच्या खिशात ठेवा. घरी परतलात की सेल काढून ठेवा.

*‘संगणकाला जोडलं तर दिसतच नाही.’* आधी केबल बदला. पुष्कळ केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून फाइल जात नाही. यंत्र सुरू होताना अडकत असेल तर मेमरी कार्ड काढून सुरू करून बघा. बऱ्याचदा खराब झालेली नकाशाची फाइल हेच कारण असतं. सगळं पुसून नव्याने सुरू करणं हा शेवटचा उपाय. त्याआधी तुमच्या खुणा आणि वाटा संगणकावर उतरवून घ्या.

खजिन्याचा खेळ

आता थोडं मजेचं. २ मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. ती त्या दिवशी बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर यांनी रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिथून जिओकॅशिंग सुरू झालं. आज जगभर ३० लाखांहून जास्त डबे लपवलेले आहेत. डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा. शोधायला किती अवघड आणि वाट किती खडतर, हे प्रत्येक डब्यासोबत १ ते ५ च्या मापात दिलेलं असतं. मुलं बरोबर असतील तर वाटेचा आकडा आधी बघा.

शेवटच्या दहा मीटरवर यंत्र खिशात टाका आणि डोळे वापरा. डबा लपवणाऱ्याच्या यंत्राची चार-पाच मीटर चूक आणि तुमच्या यंत्राची तेवढीच, अशा दोन्ही चुका एकत्र होतात. बाण ज्या दगडाकडे दाखवतो तिथे डबा नसतोच असं नाही, पण शेजारच्या झाडाच्या ढोलीतही असू शकतो.

तुम्हाला स्वतःला डबा लपवायचा असेल तर आपल्या देशाचं भान ठेवा. बसस्थानक, देऊळ, बाजार अशा जागी बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात आणि पोलिसांना बोलवावं लागतं. डबा पारदर्शक घ्या, आत काय आहे ते वर लिहा आणि जागेच्या मालकाची परवानगी घ्या. गडावर किंवा लेण्यात दगड हलवू नका, उकरू नका. खेळाचाच नियम आहे की डबा पुरायचा नाही. अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय काही ठेवू नका. डब्याविनाही हा खेळ खेळता येतो. २००४ पासून ‘अर्थकॅश’ हा प्रकार आहे. त्यात खडक, धबधबा, दरी बघून त्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. घरच्या मुलांसाठी मोठ्या बागेत पाच खुणा ठरवून असा खेळ तुम्हीही मांडू शकता. अक्षांश-रेखांशाचा भूगोल त्यांना पुन्हा शिकवावा लागणार नाही.

परत येण्यासाठी

यंत्र ‘८०० मीटर’ म्हणतं तेव्हा ते पक्षी उडतो तसं सरळ अंतर असतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहून खाली बेलपाडा दिसतं. सरळ रेघेने ते जवळच आहे, पण मध्ये कडा आहे. उजेड कमी होऊ लागला की माणूस बाणाच्या मागे सरळ निघतो आणि नेमका तिथेच घात होतो. म्हणून या सवयी लावून घ्या.

गाडीतून उतरलात की चालू लागण्याआधी त्या जागेची खूण यंत्रात करा आणि तिला ‘गाडी’ किंवा ‘गाव’ असं नाव द्या. वाट नोंदवणं चालू आहे ना, ते बघा. वाट चुकली असं वाटलं तर ‘ट्रॅकबॅक’ वापरा. आलात त्याच पावलांनी ते तुम्हाला मागे नेतं. बाणापेक्षा या रेघेवर भरवसा ठेवा. आणि परत फिरायची वेळ निघतानाच ठरवा, मग माथा कितीही जवळ दिसो.

तरीही अडकलात तर हलू नका आणि ११२ ला फोन करा. आधी अक्षांश सांगा, मग रेखांश. ‘अंश’, ‘मिनिटं’, ‘पॉइंट’ हे शब्द उच्चारून सांगा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. एका आकड्याची गफलत शोधपथकाला दुसऱ्या डोंगरावर नेऊ शकते.

येत्या रविवारी एवढं करून बघा. यंत्र किंवा मोबाईल घेऊन घराजवळच्या बागेत जा, एक खूण करा, दहा मिनिटं भटका आणि ट्रॅकबॅक लावून परत या. मग यंत्र घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हातात द्या आणि त्याला तुम्हाला परत आणू द्या. डोंगरात एखाद्या वेळी मोठ्या माणसाचाच पाय मुरगळतो, तेव्हा यंत्र दुसऱ्या कोणाला तरी चालवता यायला हवं.